वारुळापाशी चुकलेलं वळण

अक्का,

मेलेल्या माणसाला लोक एकेरीत हाक मारतात. देव झाला म्हणतात आणि अहो-जाहो सोडून देतात. मी सोडणार नाही. तेवढी जवळीक आपल्यात कधी नव्हती, आणि तुम्ही देव झालात यावर माझा विश्वासही नाही. नणंद होतात, नणंदच राहा.

काल येळवस झाली, मार्गशीर्षातली अवस, भुईला जेवू घालायचा दिवस. तुमच्यावाचून झाली. आधी हेच सांगून टाकते, की काही अडलं नाही. रानात कडब्याचा खोपटासारखा कोप उभा राहिला, आतल्या पाच पांडवांच्या दगडांना चुना लागला, साऱ्या भाज्यांची भज्जी शिजली, आंबील आंबली. भुईला घालायच्या घासाची, चराची टोपली माझ्या डोक्यावर होती आणि मी पुढं होते. इतकी वर्षं तुमच्या टाचांच्या भेगा बघत चालले, काल माझ्या डोळ्यांसमोर मोकळी वाट होती.

तुम्हाला अक्षर येत नव्हतं. माझ्या वडिलांनी गुलबर्ग्याला मला घरीच लिहायला शिकवलं, त्याचा तुम्हाला काडीइतका उपयोग वाटला नाही. तुम्ही असताना मी हे लिहिलं असतं तर तुम्ही मलाच वाचून दाखवायला लावलं असतं आणि मध्येच म्हणाला असतात, "पुरं कर सुबद्रे, दूध उतू जायलंय." आता मध्ये बोलायची सोय राहिली नाही. म्हणून सगळं माझ्या बाजूनं सांगते. तुमच्या बाजूनं गावानं पुष्कळ ऐकलंय.

आपली जमीन दोन तुकड्यांत. कोपाचं रान गावाकडं, पलीकडचं रान जंगलाच्या त्या अंगाला. मधलं जंगल जहागीरदाराचं, शिकारीसाठी राखलेलं. बाकीचे लोक येळवशीला आपल्या बांधानं फिरून भुईला घास शिंपतात, की बसले भज्जी ओरपायला. आपल्या घराचं तसं नाही. कोपापासून निघायचं, टेकाड चढायचं, जंगलात शिरायचं, पलीकडच्या रानाला घास घालायचा, आणि दुसऱ्या वाटेनं पुन्हा जंगलातून ओढ्याला उतरून कोपाशी यायचं. दिवस मावळायच्या आत गोल मिळाला पाहिजे. तुमचे वडील, म्हणजे माझे सासरे आप्पा, त्यांना जहागीरदाराच्या कचेरीनं बजावून ठेवलं होतं, की वहिवाट आहे तोवर वाट तुमची, एक साल फेरी चुकली की काट्यांचं कुंपण. आपल्या गाडीबैलांना पलीकडं जायला दुसरा रस्ता नाही. वाट गेली तर ते रान गेलं, आणि घरातली अर्धी तूर त्या रानातली.

फेरीला माणसं दोन लागतात. पुढचा टोपलीतले पिठाचे उकडलेले उंडे आणि भज्जी कुस्करून शिंपतो आणि हाक देतो, "होलग्या होलग्या!" मागचा आंबिलीच्या मडक्यात आंब्याचा डहाळा बुडवून शिंपतो आणि ओ देतो, "सालम पोलग्या!" अर्थ मला आजही ठाऊक नाही. तुम्हालाही नव्हता, पण तुम्ही तो ठाऊक असल्यासारखं तोंड करायचात. एकदा निघालं की हाकेवाचून बोलायचं नाही, मागं बघायचं नाही, मागं फिरायचं नाही. आणि ज्या भुईला एकदा घास पडला तिला दर साल घालायचा. जेवायला बोलावलेल्या माणसाला दुसऱ्या वर्षी दार लावू नये, असं आप्पा म्हणत.

आप्पा होते तोवर ते पुढं, तुम्ही मागं. दुबलगुंडीहून कुंकू पुसून तुम्ही माहेरी आलात तेव्हापासून हे असंच चाललं होतं म्हणे. मी नवी सून. एका येळवशीला तिसरी म्हणून तुमच्या मागं चालले, वाट बघून ठेवली. मग आप्पा गेले. तुमच्या भावाचा पाय गाडीखाली सापडून कायमचा अधू झालेला. आता पुढं कोण, हा प्रश्न आला.

पाटलीणबाई मुद्दाम दारात येऊन बसल्या होत्या ते आठवतंय ना? "सुबद्रा हाय की सवाशीण. नागूबाईनं टोपली घिऊ न्हाई, बरं दिसत न्हाई," असं म्हणाल्या.

तुम्ही चुलीपुढून उठलासुद्धा नाहीत. "भुईला भूक लागती. वाढणारीचं कपाळ ती बगत न्हाई."

खरं सांगते, त्या दिवशी मला तुमचा अभिमान वाटला. पाटलीणबाईंचं तोंड असं झालं होतं की मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसले. पण माझं हसू टिकलं नाही. बाहेर आले तर तुम्ही मडकं माझ्यापुढं सरकवलंत. "तू मागं."

"दरसाल?" मी विचारलं.

"व्हय."

"कामून?"

"मी म्हणायले म्हणून."

ही तुमची बोलायची रीत. जड मडकं माझ्याकडं, हलकी टोपली तुमच्याकडं, आणि कारण विचारलं तर 'मी म्हणायले म्हणून'. भांडणात तुमच्या तोंडून दुसरं कारण मी कधी ऐकलं नाही.

त्याच वर्षी तुम्ही चुकलात.

जंगलातून परतताना ते मोठं वारूळ लागतं तिथं वाट फुटते. उजवीकडची खाली ओढ्याला उतरते, सीताफळीच्या झाडोऱ्यातून, सावलीची, आप्पांची वाट. डावीकडची वर बोडक्या माळावर जाते. तुम्ही डावीकडं वळलात. मला वाटलं, लक्षात येईल, थांबतील. तुम्ही थांबला नाहीत. मला बोलायची सोय नव्हती आणि तुम्हाला मागं फिरायची. मी ओ देताना आवाज चढवला, एवढंच करता येत होतं. तुम्ही हाक आणखी वर चढवलीत आणि माळावर उंडे शिंपत निघालात. तो माळ म्हणजे नुसता तांबडा मुरूम. तरवड, बोरीची काटेरी जाळी, आणि लुगड्याला चिकटणारं कुसळी गवत. सावलीला झाड नाही. त्या अख्ख्या माळाला वेढा घालून, ओढ्याचं वरचं अंग धरून आपण कोपाशी आलो तेव्हा दिवस बुडायला टेकला होता, आणि जंगलाचा चौकीदार कासीम बांधावर उभा राहून आभाळाकडं बघत होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर पलीकडच्या रानाला आपण मुकलो असतो.

कोपात बायामाणसं ताटकळली होती. मी मडकं ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "अक्का, तुम्ही चुकलात."

"म्या न्हाई चुकले."

"वारुळापाशी उजवीकडं वळायचं होतं."

"त्या माळालाबी खायला पायजे," तुम्ही म्हणालात आणि जेवायला बसलात.

एवढ्यानं भागलं असतं तर मी विसरले असते. पण घास पडला होता. आप्पांचाच नियम. दुसऱ्या वर्षी त्या माळाला उपाशी कसं ठेवायचं? आप्पांची वाट त्यापायी उपाशी राहिली, त्याचा हिशोब तुम्ही धरला नाहीत. म्हणून पुढच्या येळवशीला पुन्हा डावीकडं. त्याच्या पुढच्या येळवशीला पुन्हा. तुमच्या एका चुकीची आपण वहिवाट करून टाकली. दुसऱ्या घरात माणसं चूक निस्तरतात, आपल्या घरात तिला नैवेद्य दाखवतात, असं मी एकदा म्हणाले होते. तुम्ही पंधरवडाभर माझ्याशी बोलला नाहीत. बरं वाटलं होतं मला.

मला माळाचा राग नव्हता, अक्का. चालण्याचाही नाही. मला एक शब्द हवा होता. 'चुकले.' देवापुढं नको, गावापुढं नको, चुलीपाशी दोघीच असताना म्हणाला असतात तरी चाललं असतं. मी कितीदा संधी दिली. पायातले काटे काढत बसले की मोठ्यानं म्हणायची, "ओढ्याची वाट असती तर हे निघाले नसते." तुम्ही म्हणायचात, "नीट बगून चालावं." कुसळं वेचताना म्हणायची, "आप्पांच्या वाटेला कुसळ नव्हतं." तुम्ही म्हणायचात, "आप्पा धोतर वर खोचून चालायचे." तुमच्याकडं सगळ्याला उत्तर होतं आणि खरं उत्तर एकाही प्रश्नाला नव्हतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. ती मी गाळली असती, पण मग तुम्ही म्हणाल सुबद्रा लबाड. ऐन माळावर माझ्या पायताणाचा अंगठा तुटला. कोपाच्या रानात अनवाणी, पण जंगलात आणि माळावर पायताण चालतं, एवढी सूट आप्पांनी ठेवली होती. मी ते तिथंच सोडलं आणि एका पायानं काटे चुकवत, फेंगडी चालत राहिले. ओ देताना आवाज मोडू दिला नाही. तुम्ही मागं बघितलं नाहीत. बघायचंच नव्हतं. थोड्या वेळानं वाटेत तुमची पायताणं दिसली, दोन्ही, शेजारी शेजारी ठेवलेली. पुढं तुम्ही अनवाणी चालला होतात आणि उंडे शिंपत होतात. मी ती पायात घातली. मला मोठी होत होती.

कोपाशी आल्यावर मी म्हणाले, "अक्का, पाय बघू."

"तुजं पाऊल लंगडं पडायलं व्हतं, ते आयकून डोकं उठलं माजं. आन ही बघ, माज्या पायताणाची माती केलीस," तुम्ही म्हणालात. मी आभार मानायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. तुम्ही माणसाला आभारसुद्धा सुखानं मानू दिले नाहीत.

दिवाळी झाली आणि तुम्हाला ताप भरला. हुमनाबादच्या वैद्याची पुडी झाली, काढा झाला, कासीमनं आणलेला दर्ग्याचा धागासुद्धा तुम्ही बांधून घेतलात. मी तुमचं सगळं केलं. हे सांगून दाखवतेय, हो. अंग पुसलं, केस विंचरले, पेज भरवली, आणि तुम्ही प्रत्येक घासाला मीठ कमी म्हणालात. शेवटच्या दुपारी तुम्ही डोळे उघडलेत आणि माझं मनगट धरलंत. हाताला जोर कुठून आला कोण जाणे.

"यंदा तू फुडं व्हणार."

"व्हय."

"मागं सुनंला घे. इंदूला."

"घेते."

"सुबद्रे, वारुळापाशी…"

मी पाण्याची वाटी खाली ठेवली. म्हटलं, आता म्हणतील. इतकी वर्षं चावलेला शब्द आता बाहेर येईल, आणि तो ऐकायला मी एकटी आहे, हे बरंच आहे. मी वाकून कान तुमच्या तोंडाशी नेला. "वारुळापाशी काय, अक्का?"

"उंडे जास्ती ठिवत जा. फुडं पुरत न्हाईत."

आणि डोळे मिटलेत. मला रडू यायला हवं होतं. मला इतका संताप आला की मी अंगणात जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा तुमचा श्वास बदललेला होता, आणि मग दिवेलागणीला तुम्ही गेलात. सगळे म्हणाले, सुभद्रेनं नणंदेचं सगळं करून पुण्य जोडलं. मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते.

तेव्हाच ठरवलं. येळवशीला मी पुढं असणार आणि वारुळापाशी उजवीकडं वळणार. नैवेद्याचं काय व्हायचं ते होवो. तुमची चूक मी मोडणार, सगळ्यांच्या देखत, आणि आप्पांची वाट परत आणणार. तुमच्या दिवसांच्या जेवणाला आलेल्या बायकांना वाढताना माझ्या डोक्यात हेच चाललं होतं.

तर काल. पोरगा गुलबर्ग्याला तुरीच्या अडतीवर, त्याला सुट्टी नाही. माझ्यामागं इंदू, आपली कमठाण्याची सून, मडकं कमरेवर घेऊन. तुम्ही तिला मुकी म्हणायचात. ज्वारी पोटऱ्यात आलीय, हरभऱ्याला फूल आहे, तुरीच्या शेंगा भरल्यात. टेकाड चढलो. कासीम जंगलाच्या तोंडाशी उभा होता. आता म्हातारा झालाय. त्यानं आमच्याकडं बघितलं, मग आमच्या मागं बघितलं. "बडी अम्मा नै," असं स्वतःशीच म्हणाला आणि काठी बाजूला घेतली. मी घास शिंपून पुढं झाले.

जंगलात शिरलो आणि एक गोष्ट झाली, जी मला तुम्हाला सांगायची नव्हती. मी हाक दिली, "होलग्या होलग्या!" मागून ओ आली नाही. मी आणखी चार पावलं टाकली, पुन्हा दिली. काहीतरी आलं, पण ते इंदूच होती की पाचोळा, ते कळेना. मागं बघायचं नाही. धावड्याच्या दाट झाडीत ऊन खाली येत नव्हतं. डाव्या हाताला काहीतरी मोठं जनावर उठून गेलं, झुडपं हलली. मी भ्यायले, अक्का. पोर मागं आहे का नाही? पडली का? घाबरून माघारी पळाली का? ती नसेल तर ही फेरी फेरीच नाही, मी नुसती एकटी बाई शेण्या वेचायला निघाल्यासारखी, आणि उद्या कचेरी कुंपण घालील. मी घसा फोडून हाक दिली. तेव्हा कुठं मागून आलं, कापरं, बारीक, "सालम पोलग्या."

मग मला आठवलं, येळवशीला कोपाशी टेकताच बहुतेकदा तुमचं पहिलं वाक्य काय असायचं. "घशात बोळा बसला व्हता का तुज्या? मोट्यानं वरडाया काय व्हतं?" मी ते टोमणा म्हणून ऐकायची. पुढं चालणाऱ्याला मागचं काही दिसत नाही, त्याला फक्त ओ असते, हे मागून चालून कळत नाही. गाव ज्या नागूबाईला वाघीण म्हणायचं ती या झाडीत भ्यायची. मला मागं ठेवायचं कारण तुम्हाला सांगता आलं असतं. 'मला तुझा आवाज मागं लागतो' एवढंच. ते सांगितलं असतं तर मी ते मडकं जन्मभर आनंदानं वाहिलं असतं. मूर्ख बाई. हे मी तुमच्या तोंडावर कधी म्हणाले नाही, आता म्हणते.

पलीकडच्या रानाला घास घातला आणि परत जंगलात शिरून वारुळाशी आलो. माझे डोळे कोरडे होते. डावीकडं तुमची वाट, दर सालच्या चालण्यानं स्वच्छ. उजवीकडं सीताफळीची झुडपं वाढलेली, पण फटीतून वाट दिसत होती. मी उजवीकडं वळले. इंदूची ओ क्षणभर अडखळली आणि पुन्हा माझ्यामागं आली. फांद्या हातानं सारत, उंडे शिंपत मी उतरले. काय सांगू, सुरेख वाट आहे. सावली आहे. पायाखाली मऊ आहे. बघता बघता ओढा लागला, आणि ओढ्यापलीकडं आपला कोप दिसला. दिवस अजून चांगला वर होता. कासीम बांधावर येऊन पोचलाही नव्हता. तो धापा टाकत आला, हसला. "हौ अम्मा, गोल पूरा हुआ. आज बहोत जल्दी हुआ. रस्ता तुमारा." वाट राहिली. रान राहिलं.

मी टोपली घेऊन तशीच तुमच्या भावापुढं जाऊन उभी राहिले. ते कोपाच्या तोंडाशी पाय लांब करून बसले होते. "आले का नाही ओढ्याच्या वाटेनं? अक्का चुकल्या होत्या. बघितलंत?"

"मला ठाव हाय की," ते म्हणाले.

"ठाऊक होतं?"

"वारुळापाशी उजव्या अंगाला वळायचं. ल्हानपणी जात व्हतो आमी."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमा दोघींच्या मदी कोण पडल? आन अक्काला सांगून काय उपेग? तिलाबी ठाव व्हतं." एवढं बोलून त्यांनी आंबिलीचा पेला तोंडाला लावला.

झालं. भांडण संपलं. मी जिंकले, आणि मला कळलं की मी जिंकले आहे हे जिला सांगायचं ती एकच बाई होती. बाकी कुणालाच त्या वळणाशी काही देणंघेणं नव्हतं. पाटलीणबाई भज्जीत तिखट कमी पडलं का ते विचारत होत्या. मला तुमची आठवण झाली, अक्का. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. आजवर नुसता राग होता, त्याच्याखाली हे होतं ते मला दिसलं नव्हतं. तुम्ही समोर असायला हव्या होतात. तोंड वाकडं करून म्हणायला हवं होतं, "लई शाणी झालीस." त्यावर मी काय म्हणायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं.

मी भाकरी हातात घेतली. तेवढ्यात इंदू शेजारी येऊन उभी राहिली. सगळ्या दिवसात ती आपणहून पहिल्यांदा बोलत होती.

"आत्याबाई, टोपलीत उंडे हायती की अजून. लई हायती."

"इतके कसे उरले?"

"मोट्या आत्यांनी मला सांगून ठिवलं व्हतं. माळाचं येगळं घालायचं म्हनून."

म्हणजे तुम्ही तिलाही सांगून ठेवलं होतंत. माझा भरवसा नव्हता तुम्हाला. चराचं उरलेलं घरी न्यायचं नाही. तुमचा भाऊ म्हणाला, बैलांना घाल. मी म्हणाले, बैलांचं नाही ते. मी भाकरी ठेवली, टोपली उचलली आणि इंदूला म्हणाले, "चल. मडकं घे."

"कुटं?"

"माळावर. त्याची काय चूक आहे?"

या वेळी जंगल नव्हतं, नियम नव्हता. फेरी पुरी झालेली होती, वाट राखलेली होती, कुणी बघत नव्हतं. ओढ्याच्या वरच्या अंगानं आम्ही सरळ चढलो. उन्हं कलली होती. तरवड फुलला होता. वाऱ्यानं कुसळी गवत एका बाजूला झोपत होतं, आणि लांब काळविटांचा कळप माना वर करून आमच्याकडं बघत उभा होता. इतकी वर्षं मी त्या माळाला शिव्या घालत चालले, खाली मान घालून. काल मान वर होती म्हणून बघितला. वाईट नाही तो माळ. तुमची चूक ती चूकच, पण माळ वाईट नाही.

मी उंडा कुस्करला, हात लांब केला, घास शिंपला. हाक द्यायला तोंड उघडलं.

"सालम पोलग्या!"

आवाज घसा भरून निघाला, पार त्या कळपापर्यंत गेला. काळविटं उधळली. मी पुन्हा उंडा घेतला, पुन्हा शिंपला, आणि पुन्हा तेच. सालम पोलग्या. जितक्या मोठ्यानं मी तुमच्या मागं कधी दिली नव्हती तितक्या मोठ्यानं.

इंदू मागं थांबली. "आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "तुमी तर ओ द्यायलाव. हाक कुनी दिली?"

"कुणी न्हाई," मी म्हणाले. "शिंप तू."

हाक तुम्ही दिली असलीत, अक्का, तर स्पष्ट सांगते, मला ऐकू आली नाही. ओ मी दिली.